कशापेक्षा जास्त?

मराठी दैनिकाच्या डेस्कवर माझी उमेदीची वर्षे गेली, त्यातली बरीच रात्रपाळीत. डेस्कवर बातम्या लिहिल्या जातात, अशी बाहेर समजूत असते. प्रत्यक्षात तिथला बहुतेक वेळ दुसऱ्याने सांगितलेले पुन्हा सांगण्यात जातो. हवामान विभागाचे पत्रक, जलसंपदा खात्याचा तक्ता, पुढाऱ्याचे भाषण, वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी, तालुका वार्ताहराने घाईत धाडलेला मजकूर, हे सगळे वाचकाला कळेल अशा आटोपशीर मराठीत आणायचे आणि अर्थाला धक्का लागू द्यायचा नाही. विधान साधे असेल तर हे जमून जाते. ‘पूल वाहून गेला’ हे कसेही फिरवून लिहिले तरी पूल वाहूनच जातो. तुलनेच्या वाक्याचे तसे नसते. कोण, कोणापेक्षा, कशाच्या बाबतीत आणि कितीने, या चार गोष्टी तिथे एकमेकींना धरून उभ्या असतात. वाक्य लहान करताना त्यातली एखादी निसटली तरी व्याकरण बिघडत नाही, वाक्य सुबकही दिसते. फक्त ते खोटे झालेले असते. म्हणूनच ही चूक कोणाच्या नजरेला पटकन येत नाही.

जूनअखेरची एक रात्र आठवते. तालुक्याहून आलेल्या मजकुरात वाक्य होते, ‘तालुक्यात सरासरीच्या २० टक्के कमी पाऊस’. दोन स्तंभी मथळ्यात एवढे शब्द बसेनात, म्हणून पान लावणाऱ्या सहकाऱ्याने ‘कमी’ काढला आणि वजन यावे म्हणून ‘च’ घातला. ‘सरासरीच्या २० टक्केच पाऊस’. एक शब्द गेला, एक अक्षर आले. समजा, त्या तालुक्याची जूनची सरासरी १५० मिलिमीटर आहे. सरासरीपेक्षा २० टक्के कमी म्हणजे १२० मिलिमीटर पाऊस झाला. सरासरीच्या २० टक्के म्हणजे अवघा ३० मिलिमीटर. हवामान विभागाच्या हिशेबात जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असेल तर तो सामान्य धरतात, २० ते ५९ टक्के कमी असेल तर तुटीचा, आणि त्याहून कमी असेल तर मोठ्या तुटीचा. म्हणजे तुटीच्या पहिल्या पायरीवर असलेला तालुका आमच्या मथळ्यात थेट तळाला जाऊन पोचला होता. ३० मिलिमीटरवर कोणी पेरणीचे धाडस करत नाही. १२० वर लोकांच्या तिफणी निघालेल्या असतात. पान सोडण्याआधी मथळा बदलला: ‘पाऊस सरासरीपेक्षा २० टक्क्यांनी कमी’. दोन ओळींचा झाला, थोडा ओबडधोबड दिसला, पण खरा होता.

‘च्या’ आणि ‘पेक्षा’ यांच्यातला हा फरक पावसाळ्यात दरवर्षी नव्याने समोर येतो. एप्रिल २०२४ मध्ये हवामान विभागाने मोसमी पावसाचा पहिला अंदाज दिला तो दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्क्यांचा, पाच टक्के इकडेतिकडे धरून. देशाची जून ते सप्टेंबरची ही सरासरी ८७ सेंटीमीटर आहे, म्हणजे अंदाज साधारण ९२ सेंटीमीटरचा होता. ‘सरासरीपेक्षा ६ टक्के जास्त’ असे लिहिले की पाचवीतल्या मुलालाही कळते. ‘यंदा १०६ टक्के पाऊस’ असे लिहिले की आकडा मोठा दिसतो आणि अर्थ अर्धवट राहतो. शिवाय हा अंदाज सबंध देशाचा असतो, आपल्या शिवाराचा नसतो. तुलनेची ही बाजू मथळ्यात क्वचितच येते. (त्या वर्षी प्रत्यक्षात १०८ टक्के पाऊस झाला.)

त्याच पत्रकांतला आणखी बारीक सापळा शक्यतेचा. विभाग सांगतो की अमुक भागात सामान्यपेक्षा जास्त पाऊस होण्याची शक्यता अधिक आहे. इथे दोन तुलना एकात एक आहेत. एक पावसाच्या प्रमाणाची, दुसरी संभाव्यतेची. घाईत लिहिणारा त्याचे ‘जास्त पावसाची शक्यता’ करतो, त्याच्या पुढचा ‘पावसाची जास्त शक्यता’ करतो आणि तिसरा ‘जास्त पाऊस पडणार’ असे छापून मोकळा होतो. ‘जास्त’ कुठल्या शब्दाला चिकटला आहे एवढाच फरक, पण पहिल्यात पाऊस जास्त आहे, दुसऱ्यात शक्यता जास्त आहे आणि तिसऱ्यात शक्यता उरलेलीच नाही. असे वाक्य आले की मी ते तोडून दोन वाक्ये करायची. जागा थोडी जास्त जाते, पण दोन तुलना एका दमात सांगण्याचा हट्ट सोडला की अर्थ आपोआप सुटा होतो.

जागेची अडचण डेस्कवर नेहमीचीच. तिच्यापायी होणाऱ्या चुकांवर उपाय मला शिकवला तो आमच्या मुद्रितशोधकांनी. निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. अनुस्वार-वेलांट्या तर ते पाहायचेच (‘सर्वात’ दिसले की ‘सर्वांत’ करून मगच पुढे), पण तुलनेच्या वाक्याशी आले की पेन्सिल टेकवून थांबायचे आणि म्हणायचे, ‘अगं, हे जरा उलटून वाच.’ ‘अ हा ब-पेक्षा मोठा’ असेल तर ‘ब हा अ-पेक्षा लहान’ असे मोठ्याने म्हणायचे, आणि मूळ कागदात तसे आहे का ते पाहायचे. ज्या वाक्याचे उलट वाक्य मूळ कागदावर टिकत नाही, ते सरळ वाक्यही आपण बदलून टाकलेले असते.

एकदा पर्यटन पुरवणीत साल्हेरवर लेख होता. मूळ वाक्य, ‘साल्हेरइतका उंच दुसरा किल्ला महाराष्ट्रात नाही.’ चौकटीत ते झाले, ‘महाराष्ट्रात साल्हेर सर्वांत उंच’. गुरुजींनी उलटून वाचले, ‘महाराष्ट्रात बाकी सगळे साल्हेरपेक्षा ठेंगणे’, आणि विचारले, ‘कळसूबाईसुद्धा?’ कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७. किल्ल्यांत साल्हेर पहिला, शिखरांत दुसरा. ‘किल्ला’ हा शब्द जागेसाठी काढला गेला होता आणि त्याच्याबरोबर तुलनेचे कुंपणच गेले होते. ‘सर्वांत’ म्हणताना ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण, हे लिहिल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

त्याच रात्री त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. ‘साल्हेरइतका उंच दुसरा किल्ला नाही’ आणि ‘साल्हेरपेक्षा उंच किल्ला नाही’ ही वाक्ये कानाला सारखी वाटतात. पहिल्यात साल्हेर एकटा वर उभा आहे. दुसऱ्यात त्याच्या बरोबरीचा एखादा असायला जागा आहे. किल्ल्यांच्या बाबतीत दोन्ही खरीच, म्हणून तिथे काही बिघडले नाही. पण आरोग्याच्या पानावर हाच फरक माणसाच्या जिवाशी जातो. ‘नवे औषध जुन्यापेक्षा परिणामकारक आढळले नाही’ याचा अर्थ दोन्ही सारखीही असू शकतात. ते उलटवून ‘जुने औषध नव्यापेक्षा परिणामकारक’ असे छापले, तर वाचून कोणीतरी चालू असलेले औषध बंद करील. ‘पेक्षा नाही’ या नकाराला उलटवण्याची घाई करू नये. ‘इतका नाही’ उलटवता येतो. हा एवढा नियम मी पुढे प्रत्येक नव्या मुलाला सांगत आले.

दवाखान्याच्या बातम्यांत तुलनेचा दुसरा टोकाचा प्रकार असतो. आपण रोज बोलतो, ‘कालपेक्षा बरं आहे.’ रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला त्यातला ‘कालपेक्षा’ किती जड असतो ते ठाऊक असते. काल व्हेंटिलेटरवर होते, आज ऑक्सिजनवर आहेत, म्हणून कालपेक्षा बरं. एका ज्येष्ठ कलावंताच्या आजारपणात रुग्णालयाने रोज पत्रक काढायला सुरुवात केली होती. एका संध्याकाळी पत्रकात होते की प्रकृती कालच्या तुलनेत सुधारली असून अद्याप चिंताजनक आहे. आमच्याकडे आलेल्या पहिल्या कॉपीत मथळा होता, ‘प्रकृतीत सुधारणा’. त्या मथळ्यात खोटे काही नव्हते, तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर लोक ‘आता धोका टळला’ असे म्हणाले असते. आम्ही ‘प्रकृती चिंताजनक, कालपेक्षा किंचित सुधारणा’ असे केले. ‘कमी वाईट’ आणि ‘चांगले’ यांच्यामध्ये फार मोठा प्रदेश असतो आणि आजारी माणूस, कर्जदार शेतकरी, तोट्यातली एसटी, हे सगळे बहुतेक वेळ त्याच प्रदेशात असतात.

धरणांच्या तक्त्यांनी मला सर्वांत जास्त शिकवले. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात रोज टक्केवारी छापायची, आणि वाचकाला तुलना आवडते: कुठले धरण मोठे, कुणात पाणी जास्त. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), कोयनेचा १०५, जायकवाडीचा १०२ च्या वर. या तिघांत उजनी पहिली, कोयना दुसरी, जायकवाडी तिसरी. आता फक्त उपयुक्त साठा धरा. कोयनेचा सुमारे १००, जायकवाडीचा ७६, उजनीचा ५३. उजनी पहिल्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आली. धरणे तीच, पाणी तेच, प्रत्येक वाक्य खरे. ‘उजनी कोयनेपेक्षा मोठी’ हे वाक्य कशात मोठी ते सांगितल्याशिवाय खरेही नाही आणि खोटेही नाही, ते अपुरे आहे.

उजनीच्या पोटात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीखालचे पाणी आहे, म्हणून तिथली टक्केवारी शून्याच्या खाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे उणे ५० टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातले सुमारे २७ टीएमसी उपसले गेले आणि गाळासकट मोजले तर अजून छत्तीसेक टीएमसी शिल्लक आहे. ‘उजनी उणे’ याचे सोपे मराठी म्हणून ‘उजनी कोरडी’ लिहिणारे होते. ‘कोयनेत १५ टक्के, उजनीत उणे ५०, म्हणजे उजनीत कोयनेपेक्षा कमी पाणी’ असा निष्कर्ष काढणारेही होते. कोयनेतले १५ टक्के म्हणजे उपयुक्त १५ टीएमसी आणि तळाचे पाचेक, एकूण वीस. पाणी उजनीतच जास्त आहे. हक्काने वापरायचे पाणी कोयनेत जास्त आहे. सोलापूरच्या शेतकऱ्याला या दोन्ही गोष्टी कळायला हव्यात, कारण आवर्तन सुटणार की नाही हे त्यावर ठरते. वृत्तसंपादकांशी यावरून माझा वाद व्हायचा. टक्के लोकांना कळतात, टीएमसी कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की टक्के तुलनेला सोपे वाटतात ते शंभर कशाचे हे कोणी विचारत नाही म्हणून. शेवटी तक्त्यात दोन्ही रकाने आले आणि टिकले.

माझ्या कामाला वळण मिळाले ते मात्र एका फोनमुळे. दुसऱ्या एका आवृत्तीतून आलेली सभेची बातमी आम्हीही घेतली होती. पुढारी म्हणाले होते की शेतमालाला उत्पादन खर्चापेक्षा दीडपट जास्त हमीभाव दिला आहे. मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने डेस्कवर फोन केला. आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, ‘ताई, खर्चाच्या दीडपट म्हणजे शंभराला दीडशे. खर्चापेक्षा दीडपट जास्त म्हणजे शंभराला अडीचशे. तुम्ही छापलंय ते अडीचशेचं. तेवढा भाव कुठल्या बाजारात मिळतो ते सांगा, मी गाडी भरतो.’

त्यांचा हिशेब तंतोतंत होता. उदाहरणार्थ, २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. कृषिमूल्य आयोगाने धरलेला खर्च ३,२६१ रुपये. ३,२६१ ची दीडपट ४,८९२ होते; ती ‘खर्चाच्या दीडपट’. ‘खर्चापेक्षा दीडपट जास्त’ असते तर भाव आठ हजारांच्या पुढे गेला असता. स्वामीनाथन आयोगाची शिफारस खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त अशी होती. ‘५० टक्के जास्त’ आणि ‘दीडपट’ एकच. या दोन बरोबर वाक्यांची गल्लत होऊन ‘दीडपट जास्त’ तयार झाले आणि ते वर्षानुवर्षे भाषणांतून, बातम्यांतून, निवेदनांतून फिरत राहिले. त्यातही खर्च कोणता, हा प्रश्न उरतोच. सरकार प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांची मजुरी धरते. शेतकरी संघटना जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याजही धरा म्हणतात. म्हणजे सरकार आणि आंदोलक दोघे ‘दीडपट’ हाच शब्द वापरतात आणि दोघांची तुलना वेगवेगळ्या खर्चाशी असते. बातमीने हे सांगितले नाही, तर वाचकाला वाटते की दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे.

त्या फोननंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. बोलणाऱ्याची तुलना त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत ठेवायची. ती आपल्या शब्दांत सोपी करून सांगायची तर आधी मूळ आकडे हातात घ्यायचे. आणि शक्य तिथे पट आणि टक्के यांच्या शेजारी दोन्ही बाजूंचे आकडे द्यायचे. ‘तिपटीने वाढ’ म्हणजे तिप्पट झाले की चौपट, यावर डेस्कवर एकमत कधीच होत नसे. ‘१०० वरून ३००’ लिहिले की वाद मिटतो. ‘तीन पट कमी’ हा प्रयोग तर मी सरसकट काढून ‘एक तृतीयांश’ करत असे. एक पट कमी केल्यावरच शून्य होते, तीन पट कुठून कमी करणार? गुरुजींच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ केली होती. त्या पाढ्यांत ‘च्या’चा हिशेब होता, ‘ने जास्त’चा नव्हता. ती सवय गेल्यापासून हा गोंधळ वाढला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जनगणनेचे आकडे हाताळताना मी सर्वांत सावध असे, कारण तिथे तुलना माणसांची असते. २०११ मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. मुली मुलग्यांपेक्षा १०.६ टक्क्यांनी कमी, हे बरोबर. तेच उलटवून ‘मुलगे मुलींपेक्षा १०.६ टक्क्यांनी जास्त’ लिहिले की चुकते, कारण आता भाग ८९४ ने द्यायचा, उत्तर ११.९ येते. टक्क्यांची तुलना उलटली की तिचा पाया बदलतो. फरक थोडका आहे, पण मुलींच्या संख्येबाबत थोडकाही चालवून घेऊ नये असे मला वाटते.

साक्षरतेतही तसेच. राज्यात स्त्रियांची साक्षरता २००१ मध्ये ६७.०३ टक्के होती, २०११ मध्ये ७५.८७ झाली. पुरुषांची ८५.९७ वरून ८८.३८. ‘स्त्रियांची साक्षरता पुरुषांपेक्षा जास्त वाढली’ हे वाक्य खरे आहे आणि आनंदाचे आहे. त्याचे ‘साक्षरतेत स्त्रिया पुरुषांच्या पुढे’ झालेले मी प्रूफमध्ये पाहिले आहे. वाढीच्या तुलनेची जागा पातळीच्या तुलनेने घेतली, की साडेबारा टक्क्यांची दरी एका मथळ्यात बुजते, आणि जी दरी वर्तमानपत्रात बुजली तिच्यासाठी कोणी रात्रशाळा काढत नाही.

वाक्यरचनेचा एक घोटाळा मात्र आकड्यांशिवायही होतो. ‘महापौरांनी आयुक्तांपेक्षा ठेकेदाराला जास्त दोष दिला.’ आयुक्तांना दिला त्यापेक्षा, की आयुक्तांनी दिला त्यापेक्षा? मराठीत यावर सोपा उपाय आहे: क्रियापद पुन्हा लिहा. ‘आयुक्तांनी दिला त्यापेक्षा’. दोन शब्द वाढतात, भांडण टळते.

अलीकडे नवी मुले यंत्राकडून भाषांतर आणि संक्षेप करून घेतात. कामाचा वेग वाढला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संक्षेपात सगळ्यांत आधी गळते ती तुलनेची दुसरी बाजू, कारण ती वाक्यात पाहुण्यासारखी बसलेली दिसते. मी त्यांना एवढेच करायला लावते की ‘जास्त’, ‘कमी’, ‘वाढ’, ‘घट’, ‘सर्वांत’, ‘पट’ हे शब्द कॉपीत शोधा आणि प्रत्येकापाशी मूळ कागद उघडून थांबा.

वाचकांनाही मला एक विनंती करायची आहे. तुमच्या शिवारातला पाऊस, तुमच्या धरणातले पाणी, तुमच्या बाजार समितीतला भाव डेस्कवर बसलेल्या माणसापेक्षा तुम्हाला जवळून ठाऊक असतो. बातमीत ‘जास्त’ किंवा ‘कमी’ दिसले आणि कशापेक्षा ते सापडले नाही, किंवा सापडले आणि हिशेब जुळला नाही, तर त्याच दिवशी वर्तमानपत्राला फोन करा. दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्ती येऊ शकते. आठवडा उलटला की तोच आकडा भाषणांत आणि निवेदनांत जाऊन बसतो, आणि तिथून तो काढणे कोणत्याही डेस्कच्या हातात राहत नाही.